मोजणी आणि वाटणी

१ जून २०१४, रविवार. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, अलाबामातल्या ऑरेंज बीचपासून टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनपर्यंत, हौसेनं गळ टाकणारी माणसं या तारखेकडे डोळे लावून बसली होती. मेक्सिकोच्या आखातातल्या केंद्र सरकारच्या हद्दीत रेड स्नॅपर धरायला त्या दिवशी परवानगी मिळाली आणि नऊ दिवसांनी ती संपली. माणशी रोज दोन मासे, त्यातला प्रत्येक किमान १६ इंच लांब. नऊ दिवसांत शनिवार-रविवार मोजून तीनच: १, ७ आणि ८ जून. नोकरी करणाऱ्या माणसानं वर्षभर होडी सांभाळली, इंजिन दुरुस्त करून ठेवलं आणि नेमका त्या तीन दिवसांत वारा सुटला, तर त्याचं वर्ष वाया गेलं.

याच माणसाला बंदरावरच्या हॉटेलात रेड स्नॅपर बाराही महिने ताटात मिळत होता, कारण धंदेवाईक मच्छीमार तो वर्षभर आणू शकत होते. समुद्रावर गेलं की दुसऱ्या माशासाठी सोडलेल्या गरीलाही स्नॅपरच लागत होता. इतका मासा आपण कधी पाहिला नव्हता, असं जुनी माणसंही सांगत होती. मासा वाढतोय आणि धरायचे दिवस घटतायत, हे गणित त्यांना उलगडत नव्हतं.

कोकणात गरीला आमिष लावून मासे धरण्याला ‘गरवणं’ म्हणतात. आखाताच्या किनाऱ्यावर असे हौशी गरवणारे लाखांनी आहेत. मर्यादा कडक झाल्या की ते चिडतात हे खरं. पण त्यांची गाऱ्हाणी नीट ऐकली तर मर्यादाच नको असं म्हणणारे थोडे निघतात. बहुतेकांचे प्रश्न दोनच असतात: समुद्रात मासा किती आहे हे कोणी आणि कसं मोजलं? आणि जो आहे तो कोणाला किती, हे कोणत्या न्यायानं ठरलं? रेड स्नॅपरच्या गेल्या साडेतीन दशकांच्या कहाणीत हे दोन्ही प्रश्न पुन:पुन्हा समोर येतात.

पन्नास वर्षं जगणारा मासा

आपल्याकडे या कुळातल्या माशांना तांबोशी म्हणतात. आखातातला रेड स्नॅपर हा तांबोशीचा भाऊबंद. त्याचं शास्त्रीय नाव लुटजानस कॅम्पेचानस, मेक्सिकोच्या कॅम्पेचे किनाऱ्यावरून पडलेलं. अंग गुलाबी-लाल, डोळाही लाल, मांस पांढरं आणि घट्ट. त्याला आडोसा लागतो. खडक, बुडालेली जहाजं, समुद्रात उभ्या असलेल्या तेलविहिरींच्या सांगाड्यांचे पाय, अशा जागी तो जमतो. अलाबामाचा समुद्रतळ बराचसा सपाट आणि वाळूचा, म्हणून १९५३ साली तिथल्या होडीवाल्यांनी जुन्या मोटारींचे २५० सांगाडे नेऊन बुडवले. पुढे १९९४ मध्ये लष्करातून बाद झालेले रणगाडेही तिथे तळाला गेले. आज या छोट्याशा किनाऱ्यासमोर माणसानं केलेल्या खडकांचं मोठं शेत उभं आहे आणि त्यावर स्नॅपर पोसला जातो.

या माशाचा ओरबाडा जुना आहे. फ्लोरिडातलं पेन्साकोला हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्नॅपरचं मोठं बंदर होतं. बर्फ आणि रेल्वे आल्यावर मासा दूरच्या शहरांत जाऊ लागला. जवळच्या जागा पातळ झाल्या तशी शिडाची जहाजं आखात ओलांडून थेट कॅम्पेचेच्या उथळ्यांपर्यंत जाऊ लागली. जवळचा मासा संपला की लांबचा धरायचा, ही रीत तिथे शंभर वर्षांहून जुनी आहे.

रेड स्नॅपर पन्नास वर्षांहून जास्त जगू शकतो. त्याच्या कानातली चुन्याची खडी कापली की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. ती मोजून वय काढतात. मादी दोनेक वर्षांची झाली की अंडी घालू लागते, पण तरुण मादीची गाबोळी आणि मोठ्या, वयस्क मादीची गाबोळी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. एका बहुचर्चित हिशेबानुसार २४ इंची एक मादी १७ इंची २१२ माद्यांइतकी अंडी देते. समुद्र माशांनी भरलेला दिसला तरी त्यात म्हाताऱ्या माद्या किती, हा प्रश्न उरतो. गरवणाऱ्याला संख्या दिसते आणि शास्त्रज्ञ वयाची उतरंड पाहतो. दोघांच्या बोलण्यात जे अंतर पडतं त्याचं एक मूळ इथे आहे.

दुसरी गोष्ट कोळंबीची. आखातात कोळंबीसाठी ट्रॉलर तळ खरवडतात आणि त्या जाळ्यांत स्नॅपरची पिल्लं येतात. विकायला निरुपयोगी म्हणून ती मेलेलीच समुद्रात टाकली जात. १९९८ पासून जाळ्यांना पिल्लं निसटण्यासाठी झरोके बसवणं सक्तीचं झालं. पण त्याआधी कितीतरी वर्षं ‘आमचे दोन मासे मोजता आणि त्यांचे ढीग दिसत नाहीत का?’ असा सवाल गरवणाऱ्यांच्या तोंडी होता, आणि तो रास्त होता.

सातावरून दोनावर

अमेरिकेनं १९७६ साली कायदा करून किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतची मासेमारी आपल्या ताब्यात घेतली आणि आठ प्रादेशिक परिषदा नेमल्या. आखाताच्या परिषदेत मताचा अधिकार असलेले १७ सदस्य असतात. सरकारी अधिकारी, धंदेवाईक मच्छीमार, हौशी गरवणारे, भाड्याच्या होड्या चालवणारे असे सगळे एका टेबलाशी बसतात. कल्पना चांगली होती. पण टेबलाशी बसलेला प्रत्येक जण आपल्याच वाट्याचा वकील झाला, तर समुद्राचा वकील कोण, याचं उत्तर या रचनेत सोपं नव्हतं.

१९८८ साली पहिल्यांदा पद्धतशीर अभ्यास झाला आणि रेड स्नॅपर प्रमाणापेक्षा फार जास्त धरला गेल्याचं निष्पन्न झालं. १९९० मध्ये हौशी माणसाला दिवसाला सात माशांची मर्यादा आली. मग ती पाचावर आली, नव्वदच्या दशकाअखेर चारावर आणि २००७ मध्ये दोनावर. किमान लांबी १३ इंचांपासून वाढत १६ इंच झाली. प्रत्येक वेळी सांगितलं गेलं की आता सोसा, मासा वाढला की तुम्हालाच मिळेल.

२००६ मध्ये अमेरिकेच्या संसदेनं (काँग्रेसनं) मूळ कायदा सुधारला आणि तो २००७ पासून कडक झाला. प्रत्येक माशासाठी वर्षाची कमाल मर्यादा ठरवायची, ती शास्त्रज्ञांच्या समितीनं सुचवलेल्या आकड्याच्या वर न्यायची नाही आणि ओलांडली गेली तर जबाबदारी निश्चित करायची, असा दंडक आला. रेड स्नॅपरची पूर्ण भरपाई होण्यासाठी २०३२ ची मुदत ठरली. कडक कायद्याचं फळ मिळालं. मासा वाढू लागला आणि वार्षिक मर्यादाही वाढली. २००८ मध्ये सगळ्यांची मिळून ५० लाख पौंड असलेली मर्यादा २०१५ मध्ये १ कोटी ४३ लाख पौंडांवर गेली.

पण हौशी गरवणाऱ्यांचे दिवस उलटे धावले. २००७ मध्ये त्यांचा हंगाम १९४ दिवसांचा होता. २००८ मध्ये ६५, २०११ मध्ये ४८, २०१४ मध्ये नऊ आणि २०१५ मध्ये दहा. मर्यादा जवळजवळ तिप्पट आणि दिवस पासष्टावरून दहा! ‘सोसा, मग मिळेल’ असं ऐकत आलेल्या माणसाचा विश्वास इथे उडाला.

यात लबाडी नव्हती, कारणं होती. पहिलं कारण असं, की मर्यादा वजनात होती. मासा वाढला, जड झाला, म्हणजे तेवढंच वजन थोड्या माशांत भरू लागलं. दुसरं, मासा दाट झाल्यानं गरी टाकली की लगेच लागू लागला, आणि पूर्वी चार तासांत होणारं काम तासाभरात उरकू लागलं. तिसरं, दिवस कमी झाले तसे सगळे त्याच दिवसांत तुटून पडू लागले. पन्नास दिवसांत विखुरलेल्या होड्या दहा दिवसांत एकवटल्या, त्यामुळे दिवस निम्मे केले तरी मासेमारी निम्म्यावर येईना. एखाद्या वाढत्या मुलाला तोच सदरा दरवर्षी आखूड होतो, तसा हंगाम आखूड होत गेला. कारणं खरी होती, पण ती गरवणाऱ्याला कोणी वेळेवर, त्याच्या भाषेत सांगितली नाहीत.

एक्कावन्न आणि एकोणपन्नास

आता वाटणीकडे वळू. १९९० मध्ये वार्षिक मर्यादेचे दोन भाग झाले: ५१ टक्के धंदेवाईकांना, ४९ टक्के हौशींना. १९७९ ते १९८७ या काळात कोणी किती मासा धरला, त्यावरून हे प्रमाण काढलं होतं. पण १९९० नंतर किनाऱ्यावरची लोकसंख्या वाढली, होड्या वाढल्या, दिशा आणि खोली दाखवणारी यंत्रं स्वस्त झाली. हौशी गरवणाऱ्यांचं म्हणणं पडलं, की आमच्या वडिलांच्या काळातल्या मोजमापावर आमचा वाटा का ठरावा?

धंदेवाईकांकडे २००७ मध्ये मोठा बदल झाला. त्याआधी त्यांचेही हाल होते. नव्वदच्या दशकात त्यांचा वाटा काही आठवड्यांत संपे, नंतर दर महिन्याचे पहिले दहा दिवस असे तुकडे पाडले गेले. वादळ असो वा नसो, सगळे एकदम समुद्रात जात, सगळ्यांचा मासा एकदम बाजारात येई आणि भाव पडे. १ जानेवारी २००७ पासून प्रत्येक मच्छीमाराला त्याच्या आधीच्या मासेमारीच्या नोंदींवरून टक्केवारीत वैयक्तिक हिस्सा मिळाला. तो कधीही धरा, विका किंवा भाड्यानं द्या. घाई संपली, भाव सुधारला आणि मर्यादा पाळली जाऊ लागली.

गरवणाऱ्याला यातली दुसरी बाजू दिसली. समुद्रातला मासा सगळ्या जनतेचा, मग त्याचा निम्म्याहून जास्त भाग मोजक्या लोकांच्या नावावर फुकट कसा झाला? यंत्रणा चालवण्याच्या खर्चापोटी मासळीच्या किमतीच्या तीन टक्क्यांपर्यंत आकार घेतला जातो, बाकी काही नाही. काही हिस्सेदार स्वतः समुद्रात न जाता हिस्सा भाड्यानं देऊन कमाई करतात. कसणारा वेगळा आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, हे चित्र आपल्याला नवं नाही. त्यावरचा राग समजण्यासारखा आहे.

धंदेवाईकांची बाजूही तितकीच ऐकण्याजोगी आहे. त्यांच्या नौकांवर उपग्रहातून ठावठिकाणा कळवणारं यंत्र असतं, किनाऱ्याला लागण्याआधी सूचना द्यावी लागते, पौंडापौंडाचं वजन नोंदलं जातं. ते म्हणतात, आम्ही वाट्यात राहतो, हौशी मात्र कित्येक वर्षं आपला वाटा ओलांडत आले. आणि होडी नसलेल्या, किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या माणसाचाही या माशावर हक्क आहे. त्याच्या ताटापर्यंत मासा आम्हीच पोचवतो.

हौशींमध्येही पुढे दोन तट पडले. भाड्यानं होडी घेऊन जाणाऱ्या तांडेलांची संख्या परवान्यांनी बांधलेली होती, तर स्वतःच्या होडीनं जाणाऱ्यांच्या संख्येला कसलंच बंधन नव्हतं. म्हणून २०१५ मध्ये हौशी वाट्याचेही दोन भाग झाले: ५७.७ टक्के खासगी होड्यांना, ४२.३ टक्के भाड्याच्या होड्यांना. त्या वर्षी भाड्याच्या होडीतून गरवणाऱ्याला ४४ दिवस मिळाले आणि स्वतःच्या होडीवाल्याला दहा. समुद्र तोच, मासा तोच, गरीही तीच. होडीचं भाडं मोजलं की दिवस चौपट होतात, ही गोष्ट खासगी होडीवाल्यांच्या जिव्हारी लागली. तांडेलांचं उत्तर असं, की आमच्या होडीत तेच लोक येतात ज्यांना स्वतःची होडी परवडत नाही.

हद्दीचा तिढा आणखी वेगळा. टेक्सास अमेरिकेत येण्यापूर्वी स्वतंत्र प्रजासत्ताक होतं, त्यामुळे त्याची सागरी हद्द नऊ मैलांची. फ्लोरिडालाही आखाताच्या बाजूला नऊ मैल. लुईझियाना, मिसिसिपी आणि अलाबामा यांना मात्र तीनच. २०१६ पासून रेड स्नॅपरसारख्या माशांपुरते त्यांनाही नऊ मैल मिळाले. टेक्सासनं आपल्या हद्दीत वर्षभर माणशी चार मासे धरू दिले. इतर राज्यांनीही केंद्रापेक्षा लांब हंगाम ठेवले. तो सगळा मासा एकाच वार्षिक मर्यादेतून वजा होई, म्हणून केंद्राच्या हद्दीतले दिवस आणखी कापले जात. खोल पाण्यात जावं लागणाऱ्या अलाबामाच्या माणसाचे दिवस टेक्सासच्या धोरणामुळे घटत, आणि त्यात त्याचा काहीच दोष नसे.

न्यायालयाच्या दारात

अमेरिकेच्या मत्स्य कायद्यात दहा राष्ट्रीय दंडक आहेत. त्यातला चौथा वाटणीचा: वाटणी सर्व मच्छीमारांना न्याय्य असावी, माशाच्या रक्षणाला पोषक असावी आणि कोणा एकाच्या हाती अवाजवी हिस्सा जाऊ नये. रेड स्नॅपरचं भांडण न्यायालयात गेलं तेव्हा हा दंडक कसोटीला लागला.

मार्च २०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयानं धंदेवाईक मच्छीमारांच्या बाजूनं निकाल दिला. हौशी वाटा वर्षानुवर्षं ओलांडला जात असताना सरकारनं त्याला आळा घालण्याची कायदेशीर जबाबदारी पाळली नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. त्यानंतर हौशी वाट्यातून २० टक्के भाग आधीच राखून ठेवला जाऊ लागला. नऊ दिवसांच्या हंगामामागे राज्यांच्या लांब हंगामांइतकाच हा निकालही होता.

२०१६ मध्ये परिषदेच्या प्रस्तावावरून वाटणी बदलली: हौशींना ५१.५ टक्के, धंदेवाईकांना ४८.५. मार्च २०१७ मध्ये न्यायालयानं हा बदल रद्द केला. नव्या मोजणीत हौशींची मासेमारी आधी वाटली त्याहून जास्त निघाली होती आणि त्या आधारे त्यांचा वाटा वाढवला होता. पण त्या जास्तीच्या मासेमारीत मर्यादा ओलांडून धरलेला मासाही होता. जो वाटा ओलांडतो त्यालाच पुढे जास्त वाटा द्यायचा, ही वाटणी न्याय्य म्हणता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. हा निकाल मला महत्त्वाचा वाटतो. ‘जो धरील त्याचा हक्क’ हे तत्त्व एकदा मान्य केलं की मर्यादा पाळणारा मूर्ख ठरतो.

त्याच वर्षी राजकारणानं उलटं वळण घेतलं. २०१७ चा खासगी हंगाम फक्त तीन दिवसांचा जाहीर झाला होता. किनाऱ्यावर संताप उसळला. जूनमध्ये केंद्राच्या वाणिज्य खात्यानं राज्यांशी बोलून ३९ दिवस वाढवले आणि हंगाम ४२ दिवसांचा केला. यामुळे मर्यादा ओलांडली जाईल आणि माशाची भरपाई सहा वर्षांपर्यंत लांबू शकते, हे सरकारनं आपल्या सूचनेतच लिहिलं होतं. पर्यावरण संस्था न्यायालयात गेल्या. गरवणाऱ्यांना उन्हाळा मिळाला, पण प्रश्न तिथेच राहिला. तीन दिवस अन्यायाचे होते म्हणून बेचाळीस न्यायाचे ठरत नाहीत. दोन्ही आकड्यांमागे विश्वासार्ह मोजणी नव्हती.

कोणी किती धरला, हे कसं कळणार?

धंदेवाईक मासा ठरावीक व्यापाऱ्यांकडे उतरतो, तिथे काटा असतो. हौशी गरवणारा लाखो घरांतून निघतो, शेकडो धक्क्यांवर उतरतो, आणि मासा थेट त्याच्या स्वयंपाकघरात जातो. १९७९ पासून केंद्र सरकार घरोघरी फोन करून ‘किती वेळा गेलात?’ आणि धक्क्यावर माणसं पाठवून ‘काय मिळालं?’ असं विचारत असे. दोन्हींचा गुणाकार करून अंदाज निघे. तारेचे फोन कमी झाले तशी ही पद्धत मोडकळीला आली. २००६ मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अहवालानं तिच्यावर कडक टीका केली. २०१८ मध्ये फोनऐवजी टपालानं प्रश्नावली पाठवणं पूर्णपणे सुरू झालं, आणि जुने आकडे नव्या पद्धतीनं पुन्हा काढल्यावर हौशी मासेमारी पूर्वीच्या अंदाजापेक्षा बरीच मोठी निघाली.

ही पद्धत वर्षभराच्या मासेमारीसाठी घडवलेली. तिचे आकडे दोन-दोन महिन्यांच्या तुकड्यांत आणि त्यानंतर कित्येक आठवड्यांनी येत. नऊ दिवसांचा हंगाम संपून माशाची आमटीही विसरून झाल्यावर पहिला अंदाज हाती येणार. मर्यादा ओलांडली हे कळेपर्यंत थांबवायला काही उरतच नाही.

म्हणून राज्यांनी स्वतःची मोजणी सुरू केली. लुईझियानानं २०१४ मध्ये नवी पाहणी आणली. अलाबामानं त्याच वर्षी रेड स्नॅपर उतरवणाऱ्या प्रत्येक होडीला नोंद सक्तीची केली. मिसिसिपीनं २०१५ मध्ये तसंच केलं, फ्लोरिडानंही खास पाहणी सुरू केली. गरवणारा आता स्वतःच आपल्या मोबाइलवरून मासे नोंदवू लागला. मला या कहाणीतलं हे सर्वांत आशादायक पान वाटतं. ज्याच्यावर संशय होता तोच मोजणीत सामील झाला.

समुद्रातला मासा मोजण्याचंही मोठं काम झालं. काँग्रेसनं एक कोटी डॉलर दिले. टेक्सासमधल्या हार्ट संशोधन संस्थेच्या ग्रेग स्टन्झ यांच्या नेतृत्वाखाली अनेक विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी कॅमेरे, ध्वनिलहरी आणि खुणा बांधून सोडलेले मासे यांच्या आधारानं गणना केली. २०२१ मध्ये निकाल आला: अमेरिकेच्या हद्दीतल्या आखातात दोन वर्षांवरचे सुमारे ११ कोटी रेड स्नॅपर, म्हणजे आधीच्या अंदाजाच्या जवळपास तिप्पट. आधी मोजणी मुख्यतः खडक आणि सांगाड्यांभोवती होई. या वेळी मधल्या अफाट मोकळ्या तळावरही पुष्कळ मासा सापडला.

‘आम्ही सांगत नव्हतो का!’ असं गरवणारे म्हणाले, आणि त्यांच्या अनुभवात तथ्य होतंच. पण मासा तिप्पट निघाला म्हणून धरायची मुभा तिप्पट झाली नाही, आणि ते योग्य होतं. नंतरच्या फेरतपासणीत तो आकडाही खाली आला. शिवाय मोकळ्या तळावर विखुरलेला मासा गरवणाऱ्याच्या हाती सहसा लागत नाही, गरवणारा जातो खडकावरच. तिथला मासा संपवून विखुरलेल्या माशाच्या भरवशावर राहणं म्हणजे व्याज सोडून मुद्दल खाणं.

पाच राज्यं, पाच फूटपट्ट्या

२०२० पासून खासगी होड्यांचा हंगाम ठरवण्याचं काम पाच राज्यांकडे आलं. वाटणी टक्केवारीत झाली: फ्लोरिडा ४४.८२२, अलाबामा २६.२९८, लुईझियाना १९.१२०, टेक्सास ६.२१० आणि मिसिसिपी ३.५५०. वाट्यात राहा, हंगाम तुम्ही ठरवा. अलाबामानं शुक्रवार ते सोमवार मुभा दिली, लुईझियानानं हंगाम आठवड्याअखेरच्या दिवसांत पसरला. नोकरी करणाऱ्याला सुट्टीचे पुष्कळ दिवस मिळाले. वारा सुटला तर पुढच्या आठवड्यात जाता येऊ लागलं आणि धोका पत्करून खवळलेल्या समुद्रात जाण्याची गरज संपली. मासा तेवढाच राहिला, पण माणसाचा मान राखला गेला.

तरी मोजणी पुन्हा आडवी आली. एकूण मर्यादा केंद्राच्या फूटपट्टीनं ठरलेली आणि राज्यं मोजणार आपापल्या फूटपट्टीनं. दोन्हींचा मेळ घालायला गुणक काढले. २०२३ मध्ये ते लागू झाले तेव्हा अलाबामाला आपला वाटा ०.४८७५ नं आणि मिसिसिपीला ०.३८४० नं गुणावा लागला, म्हणजे वाटा निम्म्याच्याही खाली. फ्लोरिडा आणि लुईझियानाचा किंचित वाढला, टेक्सासचा तसाच राहिला. अलाबामा आणि मिसिसिपीत तर प्रत्येक होडीला नोंद सक्तीची होती. आम्ही सर्वांत काटेकोर मोजलं म्हणून आम्हालाच शिक्षा, असं तिथल्या गरवणाऱ्यांना वाटलं. शास्त्रज्ञांचा मुद्दा असा, की मर्यादा ज्या मापात ठरली त्याच मापात खर्च मोजायला हवा. मुद्दा बिनतोड आहे. पण प्रामाणिकपणे मोजणाऱ्याला मोजणीचा पश्चात्ताप होईल अशी व्यवस्था टिकत नाही.

सोडलेला मासा

आता गरवणाऱ्यांच्या बाजूचं उणं. हंगाम बंद असला तरी गरी बंद नसते. दुसऱ्या माशासाठी सोडलेल्या आमिषाला स्नॅपर लागतो आणि तो परत टाकावा लागतो. चाळीस-पन्नास मीटर खोलीवरून झटक्यात वर ओढलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, कधी जठर तोंडातून बाहेर येतं. असा मासा पाण्यावर तरंगत राहतो आणि डॉल्फिन किंवा शार्कच्या तोंडी जातो. आपण नियम पाळला या समाधानात गरवणारा घरी येतो आणि त्याचा मासा मात्र मेलेला असतो. जानेवारी २०२२ पासून आखातात अशा माशाला वजन बांधून पुन्हा खोलवर नेणारं साधन, किंवा पोटातली हवा सोडणारी सुई, होडीत तयार ठेवणं सक्तीचं झालं.

या चुकीची किंमत अटलांटिक बाजूला दिसते. नॉर्थ कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंतच्या केंद्रीय हद्दीत २०२४ चा हौशी रेड स्नॅपर हंगाम एकाच दिवसाचा होता: १२ जुलै, माणशी एक मासा. सोडल्यावर मरणाऱ्या माशांतच मर्यादेचा मोठा भाग संपतो, म्हणून ही वेळ आली. तिथे आणखी दिवस मागण्याआधी मरणारे मासे वाचवावे लागतील.

गरवणारे संयम दाखवू शकतात याचा दाखला त्याच किनाऱ्यावर आहे. स्ट्राइप्ड बास या माशाची अवस्था बिकट झाली तेव्हा मेरीलँड राज्यानं १९८५ पासून तो धरणं पूर्ण बंद केलं. १९९० पर्यंत बंदी चालली आणि १९९५ मध्ये मासा सावरल्याचं जाहीर झालं. तो पुन्हा घटला तेव्हा, २०२३ मध्ये, ३१ इंचांवरचा मासा ठेवायला तातडीनं मनाई झाली. अनेक गरवणारेच आणखी कडक नियम मागत होते. आधी एकदा सोसलं होतं आणि त्याचं फळ डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून त्यांचा विश्वास होता.

आधी कोणाचा वाटा?

आपल्या किनाऱ्यालाही हे प्रश्न परके नाहीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, बिगरयांत्रिक होड्यांना मुभा. लहानाला झुकतं माप देणारी ही वाटणी आहे. २०१६ मध्ये महाराष्ट्रानं पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आणले आणि २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्या वादातही तेच दोन प्रश्न आहेत: मासा कोणी संपवला, हे मोजलं कोणी? आणि झीज कोणी सोसायची?

रेड स्नॅपरची कहाणी वाचून माझं मत पक्कं झालं आहे. कडक मर्यादा माणसं सोसतात, पण त्यासाठी तीन गोष्टी लागतात. मोजणीत धरणाऱ्याचा हात असावा, आणि खरं सांगणाऱ्याचं नुकसान होऊ नये. वाटणीत मर्यादा ओलांडणाऱ्याला बक्षीस नसावं, आणि जुनी नोंद हा कायमचा सातबारा होऊ नये. आणि मासा सावरला की सोसणाऱ्याला त्याचं फळ दिसावं.

कोकणात रापण ओढून झाली की माणसांचे वाटे पडतात तसा जाळ्याचा आणि होडीचाही वाटा वेगळा काढतात, कारण जाळं फाटलं आणि होडी मोडली तर उद्याची रापण नाही. समुद्रातही असाच एक वाटा आधी काढायला हवा: म्हाताऱ्या माद्यांचा, त्यांच्या गाबोळीचा, अजून न जन्मलेल्या माशांचा. तो काढल्यावर उरेल त्यावर हौशी, धंदेवाईक, होडीवाला आणि बिनहोडीचा यांनी खुशाल भांडावं. तो आधीचा वाटा मात्र कोणत्याही बाजूनं मागू नये आणि कोणालाही देऊ नये.